मखराच्या चार खिडक्या

काकांचा अ‍ॅम्प्लिफायर मी जाळला. त्यांना हे सांगायला मी वर्ष लावलं, म्हणून इथे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला माझी कलकत्त्याला बदली झाली. बालीगंजमधले आमचे शेजारी काका तिथेच जन्मलेले, पेन्शनर. आम्हा मराठी मंडळींच्या गणपतीला भाड्याचा माइक यायचा आणि ऐन आरतीत शीळ घालायचा. काका चिडले. एस्प्लनेडच्या फुटपाथवरून सुटे भाग आणून, चार महिने खपून त्यांनी स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर बांधला.

चतुर्थीच्या दुपारी शेवटची जोडणी त्यांनी माझ्यावर सोपवली. चार मोठे ट्रान्झिस्टर, खाली अ‍ॅल्युमिनियमची जाड पट्टी आणि मधे अभ्रकाचा एकेक पापुद्रा. कांद्याच्या सालीसारखा पातळ, हवा तसा वाकणारा.

"हा उष्णता जाऊ देतो, वीज अडवतो," काका म्हणाले. "समजलं ना?"

"समजलं." अर्धंच समजलं होतं.

मखरही माझ्याकडेच होतं. पुठ्ठ्याचं देऊळ, चार खिडक्या, मागे दिवे. एक पापुद्रा उजेडाला धरून पाहिला आणि मोह आवरेना. चारही पापुद्रे खिडक्यांत गेले. त्यांच्या जागी मी सिगारेटच्या पाकिटातली चांदी कापून बसवली. धातूच तो, उष्णता उलट लवकर जाईल!

"खिडक्या काय सुरेख केल्यास रे!" काका म्हणाले.

आरतीच्या दुसऱ्या कडव्यालाच अ‍ॅम्प्लिफायरमधून धूर निघाला.

"अहो, धूप आम्ही लावला होता की!" काकू म्हणाल्या. सगळे हसले. मी सर्वांत मोठ्याने. मग मीच धावत जाऊन अ‍ॅम्प्लिफायरची पेटी उघडली आणि जळकी चांदी खिशात घातली.

आठवड्याने काकांनी सोल्डरिंग आयर्न माझ्या हातात ठेवलं. "तूच वापर. माझाच एखादा सांधा कच्चा राहिला असणार. माझे हात आता भरवशाचे राहिले नाहीत." नंतर त्यांनी साधा रेडिओही उघडला नाही. माइकवाला परत आला, त्याची शीळही आली.

पुढच्या गणपतीत मखर बाहेर काढलं. खिडक्या तशाच चमकत होत्या. चारही पापुद्रे सोडवले, सोल्डरिंग आयर्न घेतलं आणि काकांसमोर दोन्ही ठेवलं.

"काका, तुमच्या हातांना काही झालेलं नाही. अभ्रक मी पळवला, चांदी मी घातली आणि वर्षभर तुम्हाला स्वतःलाच दोष देऊ दिला. मला माफ करा."