सगळ्यांत धाकटीचं मत

स्टुटगार्टमधल्या मराठी पोरांना स्नेहलताताईंच्या हातची आमटी हवी असायची, पण त्या आमटीबरोबर येणाऱ्या स्नेहलताताई नको असायच्या. दिवाळीचा कार्यक्रम ठरवायला आठ-दहा जण जमले की ताई सगळ्यांत नव्या, सगळ्यांत लहान पोराला धरायच्या. "तू सांग आधी."

"अहो ताई, सीनियर मंडळी बसलीयेत ना," श्रीरंग एकदा चुळबुळला. तो तिथल्या टेक्निशं होखशूलंमध्ये, म्हणजे तंत्रविद्यापीठात, नुकताच दाखल झाला होता.

"म्हणूनच. ते बोलले की तू नुसती मान डोलावणार. आल्झो, चल, बोल!"

पोरं पाठीमागे म्हणायची, बाई फटकळ आहे, कोणाचा मान ठेवत नाही. जर्मन नवरा केल्यावर दुसरं काय होणार, असंही म्हणायची. आपल्या लोकांना तेवढं एक कारण सगळ्याला पुरतं. खरं कारण ताईंनी कोणाला सांगितलं नाही. तसं सांगायला कायद्यानेच बंदी होती. मग मला ते कसं कळलं, हे कोणी विचारू नये.

मुळात ही बाई अशी नव्हतीच. सांगलीच्या टेंब्यांचं हे शेंडेफळ. चार मोठ्यांत तोंड उघडायचं नाही, या शिस्तीत वाढलेलं. १९५५ साली रंगांच्या रसायनशास्त्रात डॉक्टरेट करायला स्टुटगार्टला आली, तेव्हाही प्रोफेसर बोलायचे थांबेपर्यंत ही श्वास सोडायची नाही. पुढे झिंडेलफिंगेनच्या मोटारीच्या कारखान्यातल्या एबरहार्ड ब्रॉयनिंग नावाच्या इंजिनियरशी तिने लग्न केलं आणि जर्मन पासपोर्ट घेतला. एवढं एक धाडस सोडलं तर तिने कुणाचा शब्द म्हणून मोडला नव्हता.

पासपोर्ट घेतला की पासपोर्टाची कामंही येतात. त्रेसष्टच्या शरद ऋतूत तिला कोर्टाचं पत्र आलं. एका खुनाच्या खटल्यात ज्यूरी म्हणून बसायचं होतं. तिने कौतुकाने सांगलीला कळवलं. वडील स्वतः एकदा पुण्याच्या सेशन्स कोर्टात ज्यूरीवर बसले होते. त्यांनी लिहिलं, "थोरांचं आधी ऐकून घे. तिथे ज्यूरीचा फोरमन बोलतो, बाकीच्यांनी विचार करून त्याला साथ द्यायची असते. उगाच पुढेपुढे करू नकोस."

पण जर्मनीतली ज्यूरी वेगळी. तिथे फोरमन नाही आणि ज्यूरीची वेगळी खोलीही नाही. सहा साधी माणसं आणि तीन न्यायाधीश एकाच बाकावर बसतात, एकाच खोलीत चर्चा करतात आणि सगळ्यांच्या मताला वजन सारखंच. नवांपैकी सहा जण 'होय' म्हणाले तर आरोपी दोषी. पाचच म्हणाले तर सुटला.

आरोपी होती फ्राऊ श्टोल, पन्नाशी उलटलेली, जवळच्याच एका खेड्यातली. नवऱ्याच्या कॉफीत झाडांवर फवारायचं औषध घालून त्याला मारल्याचा आरोप. बाईचं म्हणणं, नवऱ्यानेच ते घेतलं, वर्षभर तो जिवाला कंटाळला होता. विष बागेच्या खोपटातलं, तिथे दोघांचाही हात पोचत होता. नवरा-बायकोची भांडणं शेजारणीने ऐकली होती, पण भांडणं कोणाच्या घरात होत नाहीत? खटला येऊन अडकला होता तो एका कपावर. नवरा खाली कोसळला, बाईने शेजाऱ्याच्या पोराला डॉक्टरकडे पिटाळलं, आणि डॉक्टर येईपर्यंत कॉफीचा कप धुऊन, पुसून फळीवर ठेवला.

"नवरा मरतोय आणि ही भांडी घासतेय!" चर्चेला बसल्यावर पहिलंच वाक्य ज्यूरीतल्या एका खाटकाचं. "पुरावा धुतला, दुसरं काय?"

सहा जणांत स्नेहलता एकटी बाई, आणि बत्तीस वर्षांची, म्हणजे सगळ्यांत लहान. तो कप ऐकल्यापासून तिला सांगलीची एक सकाळ आठवत होती. तिचा दादा विषमज्वराने गेला, त्या सकाळी आई उठली, त्याच्या उशाशी असलेला पेजेचा वाडगा तिने घासला, पालथा घातला, चुलीपुढचं झाडून घेतलं. आता लोक येतील, म्हणाली. आणि मग तिने जो हंबरडा फोडला, तो ऐकून गल्ली गोळा झाली. घरावर आभाळ कोसळलं तरी बाईचे हात आधी घर आवरतात, हे त्या खोलीतल्या आठ पुरुषांना कोण सांगणार होतं? तिच्याशिवाय कोणीही नाही.

ती सांगणार होती. दोनदा तिने तोंड उघडलंही. पहिल्यांदा खाटीक बोलत होता. दुसऱ्यांदा ज्यूरीतल्याच आयखेल्यांनी घसा खाकरला. आयखेले सगळ्यांत वयस्कर, निवृत्त शाळामास्तर, रोज तिच्यासाठी खुर्ची ओढून धरणारे. ते म्हणाले, "त्या कपाने माझी झोप उडवलीय." झालं, तिला वाटलं, यांचंही मत गुन्हेगार असंच आहे. एवढ्या शहाण्या माणसाला दिसतं ते आपल्याला दिसत नसेल. मोठ्यांचं होऊ दे, मग आपण बोलू, असं म्हणत ती थांबली, आणि मोठ्यांचं काही संपेना.

शेवटी अध्यक्ष न्यायाधीश म्हणाले, "आता मतदान. ज्यूरी आधी, न्यायाधीश नंतर. ज्यूरीत सर्वांत लहान आधी, म्हणजे थोरांच्या मताचं दडपण येत नाही. फ्राऊ ब्रॉयनिंग, बिट्टं, बोला."

आयुष्यात कधी कोणी तिला पहिलं मत विचारलं नव्हतं. तिने आयखेल्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो चेहरा गंभीर होता. तिला त्यात 'दोषी' असंच वाचता आलं.

"या," ती म्हणाली. म्हणजे होय, दोषी.

खाटीक 'या'. पुढचे तिघे 'या'. मग आयखेले. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "नाइन." नाही.

धाकटे न्यायाधीश 'या' म्हणाले, दुसरे नाइन, आणि सगळ्यांत शेवटी अध्यक्ष, ज्यांच्या तोंडून निकाल वाचला जाणार होता ते, स्वच्छ आवाजात नाइन म्हणाले. सहा विरुद्ध तीन. कारकुनी थाटात त्यांनी आकडा लिहिला. खुनाला शिक्षा एकच होती, जन्मठेप. तीन वाजता निकाल वाचायचं ठरलं आणि ज्यूरीला तासभर मोकळं केलं.

कॉरिडॉरमधल्या बाकावर आयखेले तिच्या शेजारी येऊन बसले. "तुम्ही दोनदा काहीतरी बोलणार होतात."

तिने पेजेचा वाडगा सांगितला. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये नाही हो, तिची जर्मन चांगली होती, पण त्या दिवशी शब्द जागेवर येईनात. आयखेल्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"हे तुम्ही आत का नाही बोललात?"

"तुम्ही सगळे मोठे बोलत होतात."

"अहो, मी तुमचीच वाट बघत होतो!" म्हातारा जवळजवळ ओरडलाच. "मला नुसता संशय होता. माझ्याजवळ सांगायला काही नव्हतं. तुमच्याजवळ होतं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "वाचून होईपर्यंत तो निकाल नसतो. जा, दार वाजवा. फेरविचार मागा."

ती उठली. दारापर्यंत गेली. मी दहा वेळा विचार केलाय, त्या दारावर ठक करायला किती ताकद लागते? तिने हात उचललाही होता. तेवढ्यात दार आतून उघडलं आणि काळा झगा चढवलेले, पिकल्या केसांचे अध्यक्ष समोर उभे राहिले, हातात सही केलेला कागद. मागे खाटीक घड्याळ बघत होता. त्याला चारची गाडी गाठायची होती.

"काही म्हणायचंय, फ्राऊ ब्रॉयनिंग?"

त्यांनी विचारलं, आणि थांबलेही. ज्या माणसाने स्वतः नाइन म्हटलं होतं तो तिच्यासाठी थांबला होता. पण मघाशी 'या' म्हणून आता उलटायचं, एवढ्या लोकांसमोर, एवढ्या मोठ्या माणसाचा कागद फाडायला लावायचा?

"नाही," ती म्हणाली. "काही नाही."

तीन वाजता सगळे उभे राहिले. "जनतेच्या नावाने," अध्यक्षांनी वाचायला सुरुवात केली. फ्राऊ श्टोल जन्मठेप ऐकून रडली नाही. पोलिसाने दंडाला धरलं तेव्हा तिने बाकावरच्या नऊ चेहऱ्यांवरून एकेक करत नजर फिरवली. आठ पुरुषांना ओलांडून ती नजर त्यांच्यातल्या एकुलत्या एका बाईवर येऊन थांबली. निदान हिने तरी आपल्याला सोडवायचा प्रयत्न केला असणार, अशी तिची खात्री पटलेली दिसली. आणि त्या पन्नाशीच्या बाईने, आभार मानावेत तशी, हळूच मान लववली.

मोठ्या माणसाने मान लववली की आपणही लववायची असते. स्नेहलतेने लववली.