वार्निश मारलेली कड

आमच्या उद्यमनगरातल्या शेडमध्ये पॉवर प्रेसवर तीस वर्षं काढूनही दहाच्या दहा बोटं शाबूत असलेला एकच माणूस होता, आमचा मिस्त्री. बाकी बहुतेकांचं एखादं तरी पेर प्रेसनं खाल्लं होतं.

ऐंशी सालानंतर मी डिप्लोमा करून घरी आलो. वडिलांच्या शेडमध्ये इंजिनांची पत्र्याची झाकणं निघायची. मिस्त्री हातानं पत्रा डायमध्ये, म्हणजे प्रेसच्या साच्यात, सरकवायचा आणि पायानं पेडल दाबायचा, की प्रेस वरून खाली यायचा. पाय चुकला की हात गेला. मला मिस्त्रीचे हात वाचवायचे होते. आणि खरं सांगायचं तर वडिलांना माझी अक्कलही दाखवायची होती. म्हणून मी पेडल काढून टाकलं आणि इलेक्ट्रॉनिक कंट्रोलचा डबा बनवला. दोन हातांनी दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली यायचाच नाही. दोन्ही हात बटणांवर असल्यावर डायमध्ये जाणार काय?

पहिल्याच चाचणीला, बटणांना कुणी शिवलंही नसताना, प्रेस धाडकन खाली आला. भिंतीपलीकडच्या शेडमध्ये नेमकं त्याच क्षणी वेल्डिंग सुरू झालं होतं. पुन्हा ठिणगी उडाली, पुन्हा प्रेस आला. डायमध्ये लाकडाचा ठोकळा ठेवला होता, त्याच्या दोन फाळ्या झाल्या. मिस्त्री त्या फाळ्या उचलत म्हणाला, "धाकलं मालक, ह्येला खाली ये म्हणून कोण सांगतंय?"

सांगत होती ती वेल्डिंगमधून उठणारी विजेची लहर. डबा लोखंडी होता, पण झाकण आणि कड यांच्यातल्या बारीक फटीतून ती आत शिरत होती. त्या फटीत स्पंजची पट्टी बसवायची, तिला धातूची चिकटपट्टी गुंडाळायची, म्हणजे झाकण आणि डबा विजेच्या लेखी एकच होतात, एवढं पुस्तकात वाचलं होतं. चिकटपट्टी कुठली घ्यायची, ते मात्र पुस्तकात नव्हतं.

आधी फ्रीज दुरुस्तीच्या दुकानातून चंदेरी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आणली. मीटरच्या दोन्ही वायरी तिच्या पाठीवर टेकवल्या, काटा पूर्ण फिरला. खूश झालो. मग एक वायर पट्टीवर आणि दुसरी डब्यावर टेकवली, तर काटा हलेना. धातू वीज नेत होता, पण खालचा गोंद ती अडवत होता. मग पुण्याच्या एजंटाकडून तांब्याच्या पट्टीचा वीतभर नमुना मागवला. हिच्या गोंदातच धातूची पूड मिसळलेली होती. डब्याची आणि झाकणाची कड पॉलिश पेपरनं घासून लखलखीत केली, तुकडा दाबून बसवला, आणि या वेळी काटा फिरला. आठ दिवस मी त्या तुकड्यावर तेल सांडलं, तो उन्हात तापवला, नखानं ओरबाडला. त्यानं दाद दिली नाही. अख्खं रीळ मागवलं. निवड बरोबर होती, हे मी आजही म्हणेन.

रीळ यायच्या आधी खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे एकही मशीन चालत नाही. सगळी धुऊनपुसून, रंगवून पूजेला बसवायची, आणि जिथं रंग लावता येत नाही तिथं बिनरंगी वार्निश. उघडं लोखंड पूजेला ठेवणं मिस्त्रीला पटायचं नाही. ब्रश हातात घेऊन त्यानं विचारलं, "ह्या डब्याला बी हात फिरवू का? नवा गडी हाय, उघडाच कशाला बसवायचा?"

मी हार बांधण्यात गुंग होतो. "फिरवा की," म्हणालो.

त्यानं डब्याची कड आणि झाकणाची कड मोठ्या मायेनं रंगवली. वार्निश सुकल्यावर दोन्ही कडा आधीसारख्याच लखलखत होत्या.

दसऱ्यानंतर रीळ आलं. मी पट्टी लावली. गोंदाची परीक्षा झालेलीच होती, म्हणून मीटर लावलं ते नुसतं पट्टीच्या पाठीवर. शेजारचा वेल्डर सणाला गावी, नेसरीला गेला होता, तो परतला नव्हता. त्याच्यासाठी थांबायला हवं होतं. पण ऑर्डर खोळंबली होती, वडील सारखे डोकावत होते, आणि धीर मलाही नव्हता. वेल्डिंगऐवजी शेजारी ड्रिल मशीन चालवून पाहिलं, प्रेस जागचा हलला नाही. "झालं," म्हणालो.

तीन दिवस काम सुरळीत चाललं. पेडल होतं तेव्हा डायमध्ये हात घालताना मिस्त्रीचा श्वास अडकलेला दिसायचा. आता तो गप्पा मारत हात घालू लागला. त्याची भीती मीच घालवली होती, आणि त्याचा मला केवढा अभिमान!

चौथ्या दिवशी सकाळी शेजारचं शटर वर गेलं. मी चहा पीत होतो. वेल्डर परतल्याचं कळलं, पण मी उठलो नाही. कप खाली ठेवून चार पावलं चालून "मिस्त्री, थांबा" म्हणायचं होतं, बस. मिस्त्री डायमध्ये अडकलेला पत्र्याचा तुकडा काढत होता. भिंतीपलीकडे चर्र झालं.

त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

त्याला दवाखान्यात नेल्यावर मी एकटाच डब्यापाशी बसलो. पट्टी सोलली आणि कडेवर ब्लेड फिरवलं. कांद्याच्या सालीसारखा पातळ पापुद्रा निघाला. इतकी पारखून आणलेली पट्टी लोखंडाला लागलीच नव्हती, वीज अडवणाऱ्या वार्निशला लागली होती. मी कडा घासल्या, नवी पट्टी लावली, पापुद्रे झाडून टाकले. कुणी पाहिलं नाही.

संध्याकाळी दवाखान्यात वडील मिस्त्रीच्या खाटेपाशी उभे होते. मिस्त्री त्यांना म्हणाला, "धाकल्या मालकास्नी काय बोलू नगासा. डबा चांगला हाय त्येंचा. बटणं दाबून म्याच घाईनं हात घातला आसंल."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. "तसंच झालं असेल," मी म्हणालो.

बरा झाल्यावर तो पॅकिंगला बसायचा. नवा कामगार आला की दोनच बोटं उरलेला तो हात पुढे करून सांगायचा, "मशीनला काय दोष देऊ नगासा. माजीच घाई झाली." मी दोन हातांवरच्या टेबलाशी बसून ते ऐकायचो. आज सांगू, उद्या सांगू असं करत बारा वर्षं गेली आणि एका सकाळी तो वारल्याचा निरोप आला.