पाढ्याच्या आत

वडीलधाऱ्यांशी उगाच गंमत म्हणून काही बोलू नये, हे मला माझ्या सासऱ्यांनी शिकवलं. त्या शिकवणीपायी पुढची दोन-अडीच वर्षं रोज संध्याकाळी मला एकोणीसचा आणि एकोणतीसचा पाढा मोठ्यानं म्हणावा लागला, तोही मिलमधून आल्या आल्या, चहाच्या आधी.

झालं ते असं. शहाण्णव साली सासरे अमळनेरजवळच्या त्यांच्या गावाहून सुरतला आमच्याकडे चार दिवसांसाठी आले होते. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, त्यामुळे घरीदारी सगळे त्यांना गुरुजीच म्हणत. चौथ्या दिवशी सकाळी ते पिशवी भरून, टोपी घालून, लिंबायतच्या आमच्या घराच्या ओट्यावर रिक्षाची वाट बघत बसले होते. हातात आमच्या मुलाचा क्यूब होता. ज्याचे थर फिरवून सहाही बाजूंचे रंग जुळवायचे असतात, तो ठोकळा. मी हौसेनं चौटा बाजारातून आणलेला आणि पोरानं दोन दिवसांत पलंगाखाली ढकललेला. सासरे निघाले की जावयानं ‘आणखी दोन दिवस राहा’ म्हणायचं असतं. तेवढं म्हणून मी गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. पण विनोदी बोलायची मला तेव्हा फार हौस. मी म्हणालो, “गुरुजी, हा ठोकळा जुळल्याशिवाय तुम्हाला गावाला जाऊ देणार नाही.”

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, ठोकळ्याकडे पाहिलं आणि शांतपणे टोपी काढली. “जावयाचा शब्द मोडायचा कसा,” ते म्हणाले. थोड्या वेळानं रिक्षा आली. रिक्षावाल्याच्या शिव्या मी खाल्ल्या.

लेकीच्या घरी मुक्काम टाकायचा नाही, ही त्यांच्या पिढीची शिस्त. आमच्या लग्नानंतर पहिली काही वर्षं तर गुरुजी आमच्याकडे पाणीही प्यायचे नाहीत, उधना स्टेशनवर पिऊन यायचे. त्यामुळे आताही ते ‘राहिले’ असं म्हणायची कोणाची टाप नव्हती. पिशवी त्यांनी दाराजवळच्या खुंटीला टांगली, ती भरलेलीच. धोतर वाळलं की घडी होऊन पिशवीत जायचं, लागलं की पिशवीतून निघायचं. कपाटातला एक खण शोभानं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्यांच्यासाठी रिकामा केला होता. तो रिकामाच राहिला. “हे एवढं जुळलं की निघालो,” असं ते दूधवाल्यापासून रद्दीवाल्यापर्यंत सगळ्यांना, कोणी विचारलेलं नसताना, सांगायचे.

ठोकळ्याबरोबर एक घडीचा कागद आला होता, त्यात जुळवायची रीत छापली होती. गुरुजींनी तो न वाचता शोभाच्या शिलाई मशीनच्या पायाखाली सारला. “उत्तरं बघून गणितं सोडवणारी पोरं मी पुष्कळ पाहिली,” म्हणाले. मग स्वतःच्या डोक्यानं एकेक थर जुळवायला बसले. थराला ते मजला म्हणत. मी कामावर निघताना “तळमजला झाला, जावईबुवा” आणि परत आलो की “मोडला” असं किती दिवस चाललं कोण जाणे. दुसरा मजला दसऱ्याला उभा राहिला. गच्चीवर मात्र गाडी अडली. वरचं जुळवायला गेलं की खालचं विस्कटायचं. तिथेच त्यांना ते वाक्य सापडलं, ज्यानं पुढे माझं डोकं उठवलं: “जुळलेलं थोडं बिघडवल्याशिवाय राहिलेलं जुळत नाही.” हे ते ठोकळ्याबद्दल बोलले असते तर माझी तक्रार नव्हती. पण मिक्सर बिघडला तरी हेच, माझं सुपरवायझरशी वाजलं तरी हेच, आणि शोभाचं नि माझं वाजलं तर हे वाक्य दोनदा.

दिवाळीच्या आधी ठोकळा जुळला. मी इतका आनंदलो की पेढे आणले आणि लगे हाथ भुसावळ पॅसेंजरची वेळही विचारून आलो. गुरुजींनी पेढा खाल्ला, सहाही बाजू नीट पाहिल्या आणि मान हलवली. “जुळला खरा. पण एवढ्या वेळात शोभाचा भात करपला. गणित सुटणं वेगळं आणि वेळेत सुटणं वेगळं.” मग त्यांनी स्वतःच स्वतःला परीक्षा लावली. एकोणीसचा आणि एकोणतीसचा पाढा पाठोपाठ म्हणून संपायच्या आत ठोकळा जुळला पाहिजे. तो उच्चांक झाला की गावाला.

मी म्हटलं, घरात घड्याळ आहे, सेकंदकाट्याचं. ते म्हणाले, “घड्याळ मनात मोजतं. पाढा मोठ्यानं मोजतो, कुठवर आलो ते काम न थांबवता कळतं.” बरं, मग पाढा शोभा म्हणेल, ती तर त्यांच्याच हाताखाली शिकलेली. तेही नाही. “लेक बापाची बाजू घेणार. पंच परका हवा. जावयाइतका परका कोण?” पांडेसऱ्याच्या मिलमध्ये फोल्डिंग खात्यात दिवसभर उभं राहून मी घरी यायचो, पायातली चप्पल निघायच्या आत आतून हाक यायची, “चला जावईबुवा, पाढा.” आणि मी, दोन लेकरांचा बाप, भिंतीला टेकून ‘एकोणीस एके एकोणीस’ सुरू करायचो. एकोणतीसच्या पाढ्यात मी सहावर हमखास अडखळायचो. गुरुजी ठोकळा न थांबवता सांगायचे, “एकशे चौऱ्याहत्तर. पुढे.” गल्लीतली पोरं दारात जमून फिदीफिदी हसायची. गुजरातीत पाढ्यांना घडिया म्हणतात, म्हणून पोरांनी गुरुजींचं नाव घडियादादा ठेवलं. माझं काय ठेवलं होतं ते शोभानं मला कधी सांगितलं नाही.

वेग वाढवायचा म्हणून त्यांनी ठोकळा चमच्याच्या दांड्यानं उघडून त्याच्या सांध्यांना शिलाई मशीनचं तेल घातलं. त्या तेलाचे डाग उशांवर, भिंतीवर, पंचांगावर आणि माझ्या एकुलत्या एक पांढऱ्या सफारीवर पडले. मागच्या गल्लीतल्या लूमखात्यात यंत्रं चालू असली की त्यांची बोटं त्या ठेक्यावर पळायची. लाइट जाऊन लूम बंद पडले की हे वैतागायचे, जणू तबलजी उठून गेला. सकाळी पाचला माझ्या उशाशी कट्कट् कट्कट् सुरू. न्हाव्याकडे ठोकळा, रेशनच्या रांगेत ठोकळा. शेजारच्या घरी कोणी वारलं तेव्हा सांत्वनाला गेले, तिथेही कोटाच्या खिशात हात घालून फिरवत बसले. बाहेर आल्यावर मी जरा बोललो, तर म्हणाले, “न बघता दोन मजले झाले.”

सत्यनारायणाला मात्र त्यांनी कहर केला. आमच्या मिलचे मॅनेजर कधी नव्हे ते घरी आले होते. माझ्या बढतीचं त्यांच्या हातात होतं, म्हणून शोभानं शिऱ्यात तूपही जरा हात सोडून घातलं होतं. गुरुजींच्या हातातला ठोकळा बघून साहेब हसले. “दादा, ये तो बच्चों का खेल है,” म्हणाले. गुरुजींनी ठोकळा विस्कटला आणि त्यांच्या हातात दिला. “करा,” म्हणाले. साहेबांनी थोडा फिरवला आणि ठेवायला लागले, तर गुरुजी त्यांच्यासमोर हात मागे बांधून उभे. “बसा. झाल्याशिवाय उठायचं नाही.” शिरा गार झाला. साहेबांच्या कपाळावर घाम आला. शेवटी मीच पंखा वाढवायच्या निमित्तानं मधे घुसलो. बढती दुसऱ्याला मिळाली. मी गुरुजींना तसं सांगितलं, तर म्हणाले, “त्या माणसाला धीर नाही. त्याच्या हाताखाली मोठं होऊन काय करणार होतात?”

एव्हाना वाचणाऱ्याला कळलंच असेल की त्यांना एकदाचं गाडीत बसवणं हा माझा ध्यास झाला होता. मग मी पंच म्हणून जे करता येईल ते करू लागलो. पाढा सावकाश म्हणू लागलो. प्रत्येक ओळीला श्वास घेऊ लागलो, ‘एकोणीस’ हा शब्द भजनात लांबवतात तसा लांबवू लागलो. तरी त्यांचं नेमकं थोडंसं राहायचं. मी ‘दाहे दोनशे नव्वद’ म्हणायचो आणि हे म्हणायचे, “राहिलं की हो.” पिशवी खुंटीवर तशीच.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात भावकीतल्या लग्नासाठी मी एकटाच त्यांच्या गावी गेलो. म्हटलं, गुरुजींची खोली झाडूनपुसून ठेवायला सांगावं, आता केव्हाही निघतील. बघतो तर खोलीत पिठाची गिरणी. पट्टा भिंतीतून आरपार नेलेला, भिंतीवर त्यांचा फळा असायचा तिथे दळणाचे डबे. गुरुजींची खाट गोठ्यात उभी करून ठेवलेली, तिच्यावर वैरण. शोभाचा भाऊ पिठानं पांढरा होऊन बाहेर आला. माणूस वाईट नाही, दोन पोरी लग्नाच्या, शेतीत भागत नाही. म्हणाला, “दाजी, आबा तिकडे रमले ना? मशीन आणलं तेव्हाच ते म्हटले होते, मी चार दिवस शोभाकडे जाऊन येतो.” ते कधी येणार, हे त्यानं विचारलं नाही. मीही खोलीचा विषय काढला नाही.

मी सुरतला परतलो तेव्हा गुरुजींनी गावातल्या सगळ्यांची चौकशी केली. लग्न कसं झालं, विहिरीला पाणी किती, शेजाऱ्याची म्हैस व्याली का. खोलीबद्दल अवाक्षर नाही. शोभानं तेवढ्यात चुलीकडून विचारलं, “आबांची खोली बरी आहे ना?” मी म्हटलं, “बरी आहे. काय होतंय खोलीला?” ती भाकरी उलटायला वळली. गुरुजींनी ठोकळा विस्कटला आणि म्हणाले, “चला जावईबुवा, पाढा.”

त्या संध्याकाळी मी आयुष्यातला सगळ्यात वेगवान पाढा म्हटला. एकोणीसचा तर चालत्या रिक्षासारखा गेला. एकोणतीसला पोचलो तेव्हा गुरुजींची गच्ची जुळत आली होती. आज हा ठोकळा जुळला तर हा माणूस टोपी घालेल, पिशवी घेईल आणि दिलेल्या शब्दापायी त्या गिरणीच्या दारात जाऊन उभा राहील. सहावर मी नेहमी अडखळायचो, तर ती ओळच गाळली. पाचावरून थेट सातावर उडी मारली, ‘दाहे’ म्हटलं आणि दम टाकला. गुरुजींचे हात थांबले. क्षणभर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “राहिलं की हो,” म्हणाले.

तेव्हापासून कटकट दुप्पट झाली. आधी नुसता पाढा म्हणायचा होता, आता चोरून म्हणायचा. त्यांची बोटं दिवसेंदिवस जास्त पळू लागली आणि मला ओळी खाव्या लागल्या. आज सहावी, उद्या आठवी, सणासुदीला दोन्ही. शोभा भाजी निवडत ऐकायची आणि काही बोलायची नाही. मी मनात म्हणायचो, बरं झालं, हिचं गणित कच्चं आहे.

एकदा मात्र माझा घोटाळा झाला. सर्दीनं घसा बसलेला, आणि एकोणतीस पाचावर असा ठसका लागला की थांबेना. शोभानं पाणी आणलं, पाठ चोळली. डोळे पुसून पाहतो तर गुरुजींच्या हातातला ठोकळा जवळजवळ जुळलेला. वरचा थर एकदा फिरवला की झालं, हे मलाही दिसत होतं. पण त्यांचे अंगठे ठोकळ्यावर नुसते टेकलेले. ते माझ्याकडे बघत होते. “सावकाश घ्या,” म्हणाले, “माझी काही घाई नाही.” मी कसाबसा शेवटापर्यंत गेलो. दाहे दोनशे नव्वद. “राहिलं की हो,” म्हणाले, आणि मग तो थर फिरवून ठोकळा फळीवर ठेवला. मला वाईट वाटलं. म्हटलं, म्हातारपण, ऐन वेळी बोटं आखडली असतील.

तिसऱ्या वर्षी थंडीत ते गेले. फार दुखणं नाही. आदल्या दिवशी दुपारी शोभाला गावाकडच्या अहिराणीत म्हणाले होते, “आते ज्वारीनी भाकरच दे, माले भूक नही फार.” संध्याकाळी पाढा झाला होता. त्यांना आम्ही गावीच नेलं, आणि सगळं उरकून तेराव्यानंतर पॅसेंजरनं परत निघालो. पिशवी शोभाच्या मांडीवर होती, भरलेलीच. नंदुरबार गेलं. डबा रिकामा होत गेला, तसं मला राहवेना. तिला जरा बरं वाटावं, आणि खरं सांगायचं तर माझंही थोडं कौतुक व्हावं, म्हणून मी सगळं सांगून टाकलं. गिरणी, गोठ्यातली खाट, गाळलेल्या ओळी. शेवटी म्हटलं, “त्यांना पत्ता लागू दिला नाही मी. दोन वर्षं ठेवून घेतलं.”

शोभा पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत म्हणाली, “उभा जन्म पोरांकडून पाढे म्हणून घेतले त्यांनी. मागच्या बाकावरच्या पोरानं एक ओळ खाल्ली तरी तिथे जाऊन कान धरायचे. तुमचा नाही धरला, एवढंच.”