बोरीच्या पात्रातले झिरे

बहात्तरच्या दुष्काळात मला नळदुर्गला शिक्षिकेची नोकरी लागली, तेव्हा वडील बेंबळीजवळ दुष्काळी कामावर खडी फोडत होते. कामाला सुट्टी पडली तशी ते यष्टीनं मला भेटायला आले. येताना कामावर मिळालेली सुकडी रुमालात बांधून आणली होती. म्हणाले, "किल्ला दाव. लई ऐकलंय त्या पाण्याच्या धबधब्याचं."

बाजाराचा दिवस होता, पण बाजार म्हणावा असं काही नव्हतं. जनावरांच्या तळावर हाडं वर आलेले बैल माना टाकून उभे होते. भाजीच्या ओळीत वाळलेल्या गवारीचे चार ढीग. वडील कशापाशी थांबले नाहीत. किल्ल्यात पाणीमहालासमोर आम्ही उभे राहिलो, तर बंधाऱ्याचा दगड कोरडा ठणठणीत. "असू दे," ते म्हणाले आणि बोरी नदीच्या कडेकडेनं चालू लागले. मी मागं.

गाव मागं पडलं. दोन्ही बाजूंना काळी रानं भेगाळून पडलेली. ऊन डोक्यावर आलं तशी मला भोवळ येऊ लागली. पात्रातल्या वाळूत बायका झिरे उकरून बसल्या होत्या. एक म्हातारी करवंटीनं घागर भरत होती. वडील लांबूनच म्हणाले, "मावशी, पोरीला घोटभर पाणी द्या."

"कुठलं गाव?"

"बेंबळी."

"कुणाचं?"

वडिलांनी सांगितलं, "बौद्ध हाव आमी."

म्हातारीची करवंटी हवेत थांबली. वर न बघता ती म्हणाली, "तुमचा झिरा खाली हाय, वळणापल्याड."

मी पुढं झाले. शाळेत ज्या आवाजात बोलायची तोच आवाज आला होता तोंडाशी. वडिलांनी माझा दंड धरला. "चल."

वळणापल्याड एक तरुण बाई एकटीच बसली होती. तिनं काही विचारलं नाही. तांब्या भरून दिला. पाणी गढूळ होतं, दातात वाळू कचकचली, तरी मी तांब्या संपवला. तिनं पुन्हा भरून दिलेला तांब्या वडिलांनी अर्ध्यावर थांबून परत केला.

आम्ही उठणार तोच ती म्हातारी रिकामी घागर घेऊन आली. तिचा झिरा आटला होता. ती जरा अंतरावर उभी राहिली. तरुण बाईनं वडिलांकडं पाहिलं, जणू वडीलधारे म्हणून त्यांनीच ठरवायचं. माझ्या मनात आलं, आता सांगावं हिला वळणाअलीकडं जायला.

वडील बाजूला सरकले. "बसा मावशी. येतंय हळूहळू."

म्हातारी बसली. पदर तोंडाशी धरून वाळूत झिरपणाऱ्या पाण्याकडं बघत राहिली. तरुण बाई आपल्या हातानं तिची घागर भरू लागली.

परतताना मी वडिलांवर चिडले होते. "तुम्ही त्या म्हातारीला एका शब्दानं काही बोलला नाहीत!"

ते म्हणाले, "बोललो असतो गं. आज लई दमलोय." मग आणखी थोडं चालून, "तीबी दमली व्हती."

मला ते पटलं नाही. आजही सगळं पटलंय असं नाही. खोलीवर आल्यावर ते फरशीवर आडवे झाले आणि झोपून गेले. हात खडीनं सोलवटलेले, झोपेतही मुठी पुऱ्या मिटत नव्हत्या. यष्टीची वेळ झाली तरी मी त्यांना उठवलं नाही. कामाचा एक दिवस बुडाला म्हणून दुसऱ्या दिवशी ते माझ्यावर रागावूनच गेले.