ठराव झालेलं कुलूप

कुलूपवाल्यांच्या संघाच्या दाराला बोटाच्या ठशाने उघडणारं कुलूप बसवायची अवदसा जावईबापूंना आठवली, तेव्हा त्यांचा हेतू अगदी शुद्ध होता. "मामा, शत्रू नुसता ऐकून कळत नाही, रोज बघावा लागतो," असं त्यांनी सासऱ्यांना पटवलं होतं.

सासरे संघाचे अध्यक्ष. घरी सासूबाईसुद्धा "अध्यक्ष, पाणी निवतंय, अंघोळ उरका" अशीच हाक मारत. उभा जन्म कानशीने किल्ल्या घासण्यात गेलेला. बोटांवरचे ठसे इतके झिजलेले की नव्या कुलपाने त्यांना ओळखच दाखवली नाही. स्वतःच्याच संघाच्या दारात हा अपमान! त्यांनी तडक सभा बोलावली.

ठराव एकच: संघाचा कोणीही सभासद असल्या कुलपाला हात लावणार नाही. खुर्चीवर डोळा ठेवून असलेले उपाध्यक्ष जरा कुरकुरले, पण अध्यक्षांनी टेबलावर मूठ आपटली आणि हात भराभर वर झाले. सगळे चहाच्या ओढीने दाराकडे वळले.

दार उघडेना. कुलूप आतूनही अंगठाच मागत होतं. जावईबापू काही सभासद नव्हते; त्यांनी अंगठा टेकवला, पुसून टेकवला, फुंकर मारून टेकवला. कुलपातले सेल संपले होते आणि सेलचं दुकान दाराच्या पलीकडे होतं.

अख्ख्या बाजारपेठेतले कुलूपवाले एका खोलीत कोंडले गेले!

"सरका," म्हणत उपाध्यक्षांनी खिशातून तार काढली.

"खबरदार!" अध्यक्ष कडाडले. "ठराव झालाय. हात लावायचा नाही."

"अहो, मग घरी कसं जायचं? ठरावावर बसून?"

"आणि घरी सांगायचं काय?" मागून कोणीतरी कळवळलं. "कुलूप उघडेना म्हणून उशीर झाला? माझी बायको जन्मभर हसेल!"

जावईबापूंना घाम फुटला. ठराव मोडला तर मामांची खुर्ची जाणार. पाळला तर उद्या बाजारभर शोभा. आणि दोन्हीकडून सासुरवाडीची दारं आपल्याला बंद.

अध्यक्ष मात्र टक लावून बघत होते, तेही कुलपाकडे नाही, दाराच्या दुसऱ्या कडेला. मग त्यांनी खुर्ची ओढली, तिच्यावर चढले आणि पेचकस काढून बिजागऱ्या सोडवायला लागले. उपाध्यक्षांना चरफडत का होईना, दार धरावं लागलं. कुलूप होतं तसंच बंद होतं. दारच बाजूला झालं. ठराव शाबूत, खुर्ची शाबूत. मंडळी टाळ्या पिटत चहाला पळाली.

दार भिंतीला टेकवता टेकवता जावईबापूंनी हळूच विचारलं, "पण मामा, उद्या एखादं गिऱ्हाईक असल्याच कुलपामागे अडकलं, तर संघ काय करणार?"

"बिजागऱ्या काढायचे पैसे घेणार."