डागाच्या ढिगातली डाळिंबं

सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांत कुठल्या वारी कुठल्या गावात काय स्वस्त मिळतं, हे माझ्या मावशीच्या यजमानांइतकं खुद्द कलेक्टरांनाही ठाऊक नसेल. पंच्याहत्तरी पूर्ण होऊन एसटीचा प्रवास फुकट झाला, तेव्हा त्यांच्या बरोबरीची माणसं देवदर्शनाला निघाली. काका बाजाराला निघाले. बाजरी दहिवडीहून, भाजी आष्ट्याहून, डाळ सांगलीतच पण चार पेठा पालथ्या घालून. वाईला माझ्या चुलतभावाचं लग्न होतं, तर अक्षता पडायची वेळ झाली तरी काकांचा पत्ता नाही. शेवटच्या मंगलाष्टकाला ते काखेत घेवड्याची पिशवी मारून मांडवात शिरले आणि नवऱ्या मुलाला आशीर्वाद देता देता त्याच्या कानात म्हणाले, "घेवडा चांगला आलाय. आता संसार करायचाय, पाच किलो घेऊन ठेव."

बाजारात शिरताना ते पिशवीची घडी शर्टाच्या आत लपवत. पिशवी दिसली की गिऱ्हाईक गरजू आहे हे विकणाऱ्याला कळतं, असं त्यांचं म्हणणं. पहिला फेरा नुसता बघण्याचा. दुसऱ्या फेऱ्यात नको असलेल्या वस्तूंचे भाव विचारायचे. हवं ते विचारायचं ते तिसऱ्या फेऱ्यात, तेही निघता निघता, मागे वळून. एकदा मी त्यांना सांगलीतल्या एका नव्या, गारेगार दुकानात घेऊन गेलो. दारावरच्या माणसाने त्यांची पिशवी प्लास्टिकच्या पट्टीने बांधून टाकली, तेव्हाच त्यांचा चेहरा उतरला. आत दोन तास ते चष्मा कपाळावर चढवून पुड्यांवरची बारीक अक्षरं वाचत उभे होते. तेलाच्या पिशवीत लिटरभर तेल उरलेलं नाही, बिस्किटांचा पुडा तोच पण आतली बिस्किटं कमी झाली, हे शोध त्यांनी शेजारच्या अनोळखी बायकांना बोलावून दाखवले. शेवटी मिठाची एक पिशवी घेऊन आम्ही बाहेर पडलो. "आपण हल्ली महागाईच खातो," ते म्हणाले, "जेवण असतं ते तोंडी लावायला."

मी हे सगळं घरी रंगवून सांगायचो आणि सगळे हसायचे. मावशीही हसायची. पण हसण्यासारखं फार काही राहिलं नव्हतं. काकांचा जन्म एका गिरणीच्या भांडारात गेला. गिरणी बंद पडली, आणि हाती पेन्शन येऊ लागलं ते कुणाला सांगायची लाज वाटावी इतकंच. मूलबाळ नाही. मी काही देऊ केलं की ते पाहुणचाराला चहा ठेवत आणि विषय बदलत. घरातलं दूध बंद झालं, मग चहा कोरा झाला, आणि काका सांगू लागले की कोरा चहा पित्ताला बरा. त्यातच मावशीला चक्कर येऊ लागली. रक्त फार कमी झालंय, डॉक्टर म्हणाले. औषधं द्या, पालेभाजी, कडधान्यं, रोज एखादं डाळिंब. काकांनी "रोज?" एवढंच विचारलं.

तेव्हापासून आष्ट्याच्या आठवडी बाजारातली एक डाळिंबवाली त्यांची ठरलेली झाली. तिच्याकडे दोन ढीग असत, एक चकचकीत फळांचा आणि एक डागाळलेल्यांचा. काका डागाच्या ढिगाशी उकिडवे बसत, एकेक फळ कानाशी नेऊन बोटाने वाजवत, आणि तिच्याशी अर्धा अर्धा तास घासाघीस करत. घरी ती डाळिंबं फोडली की आत लालभडक, टपोरे दाणे. "नजर लागते त्याला," काका म्हणत. त्यांच्या चेहऱ्यावर तेवढ्यापुरते का होईना, पूर्वीचे काका दिसायचे.

एकदा मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. खरेदी उरकून काका बसमध्ये जागा धरायला पुढे गेले आणि मी फळं पिशवीत भरत मागे राहिलो. तेव्हा ती बाई हळूच म्हणाली, "आवं दादा, त्यास्नी काय सांगू नगा. डागाच्या ढिगात चांगली फळं मीच मिसळून ठेवते. त्येच बोललं हुतं, मावशीबाईंच्या अंगात रगात न्हाई म्हनं. तसं दिलं तर म्हातारं घ्यायचं न्हाई." तिच्या स्वतःच्या पायातली चप्पल दोरीने बांधलेली होती.

महिनाभर मी गप्प राहिलो. मग एके दिवशी मावशीकडे चार माणसं बसली होती, काका डाळिंब वाजवून कसं ओळखायचं ते सांगत होते, आणि मला राहवलं नाही. म्हणालो, "काका, तुमच्या नजरेपेक्षा त्या बाईचं मन मोठं आहे हो," आणि सगळी हकीकत सांगून टाकली. माणसं हसली. काकाही हसले. मावशी तेवढी माझ्याकडे बघत राहिली.

त्यानंतर काका आष्ट्याला गेले नाहीत. हळूहळू दहिवडी सुटली, पेठा सुटल्या. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन सांगितलेल्या भावाने अर्धं सामान आणू लागले. घासाघीस नाही, फेरे नाहीत. डाळिंब कधी आलं तर एखादं, आणि तेही मावशी दोन दिवस पुरवायची. डॉक्टरांनी पुढच्या खेपेला रक्ततपासणीचा कागद बघून नुसती मान हलवली.

मला धीर धरवला नाही. मी एकटाच आष्ट्याला गेलो आणि त्याच बाईकडून डाळिंबं घेऊन आलो. काकांनी भाव विचारला नाही. ताटली घेऊन बसले आणि मावशीसाठी दाणे सोडवू लागले. मग मान वर न करता म्हणाले, "मला काय डाळिंब कळत नव्हतं? पहिल्याच दिवशी कळलं होतं. तिलाही माहीत होतं मला कळलंय ते. तू बोलायला नको होतंस."

वाटी भरली. ते ती घेऊन आत गेले आणि मावशीला उठवून बसवल्याचा आवाज आला.

आष्ट्याला मी अजून जातो. बाई विचारते, "काका बरं हायती न्हवं?" मी बरे आहेत म्हणतो. मला घासाघीस जमत नाही. ती सांगेल तो भाव देतो, आणि ती फळं निवडत असते तोवर दुसरीकडे बघत उभा राहतो.