चूक तेवढी माह्या नावावर

"हिला म्यूट करा रे कोणीतरी. नाहीतर क्लायंटला सबटायटल द्यावी लागतील."

असं अनिरुद्ध म्हनला. आमच्या टीमचा लीड. पुन्याले बसते. कॉलवर चौदा जन होते, सारे मराठी. सारे हासले. मी आदिलाबादले आमच्या घरी, समोरच्या खोलीत टेबलापाशी बसून बोलून राह्यली होती. त्यानं माहा माईक त्याच्याकडूनच बंद केला. मले लगेच कळलं नाई. मी बोलतच होती. स्क्रीनवर माह्या चौकटीत माहे ओठ हालून राह्यले होते, आन कोनाले काई ऐकू जात नव्हतं.

काय बोलून राह्यली होती ते सांगते. मी म्हनत होती, त्या तपासनीच्या ओळी तुमी काढल्या ते बरं नाई केलं, परत टाका, नाईतर दुसऱ्याचे कंटेनर बी पुसले जातीन. बस, एवढंच. कामाची गोष्ट.

मले राग नाई आला. रडू बी नाई आलं. हात नुसते जड झाले. मायनं चहा आनून ठेवला, तो पिली. मिटिंग संपताना अंगठ्याचं एक चित्र असते, सारे दाबतात, ते मी बी दाबलं. त्याची मले आजबी लाज वाटते.

आमी असंच बोलतो. घरी ही मराठी, शाळेत तेलुगू, बाजारात हिंदी, बाबाच्या दफ्तरात अर्धी उर्दू. चार बोली येतात मले. अनिरुद्धले एक येते आन तीच खरी. म्हनून मी हे जसं बोलते तसंच लिहून राह्यली. ज्याले वाचाचं त्यानं वाचावं.

कामाले लागली त्या पहिल्याच आठवड्यात अनिरुद्धनं आडनाव विचारलं. मंग गाव. मंग म्हनला, मूळचे तुम्ही लोक कोण? मी सांगतलं, आमी बौद्ध. "अच्छा, अच्छा," म्हनला. त्यानंतर माह्या घरचं त्यानं कधीच काई नाई विचारलं. बाकीच्यायले विचारे, आईचा गुडघा कसा आहे, गणपती बसले का. एक डाव मी कॉलवर आली हे त्याले दिसलं नाई, आन तो कोनाले तरी सांगून राह्यला होता, कोट्यातल्या पोरांना पायापासून शिकवावं लागतं. खासगी कंपनीत कोटा कुठी असते बाप्पा? मी परीक्षा देऊन, तीन मुलाखती देऊन आली होती. हे मी मनात म्हनलं. तोंडानं म्हनलं, गुड मॉर्निंग.

आता काम काय होतं ते. कंटेनर म्हनजे एक प्रोग्राम, त्याले लागनाऱ्या साऱ्या सामानासकट बंद डब्यात. कोनत्याबी मशीनवर नेला तं तसाच चालते. हे डबे चालवनारं, थांबवनारं एक सॉफ्टवेअर असते, त्याले रनटाइम म्हनतात. आन आमच्या कंपनीचं आपलं वेगळं सॉफ्टवेअर, ज्यावर दुसऱ्या कंपन्यायचे लोक कोड लिवतात. या दोघायले जोडनारा प्लगइन मी बनवला. बटन दाबलं का डबा सुरू, काम झालं का डबा बंद, मंग साफसफाई. आठ महिने लागले. एकटीनं केला.

साफसफाईत मी सुरुवातीले मार खाल्ला होता. प्लगइननं माह्याच मशीनवरचे बंद असलेले सारे डबे पुसून टाकले. तीन दिवसाचं काम गेलं. माय म्हनली, जेवून घे आधी. नाई जेवली. मंग मी असं केलं का प्लगइन जो डबा सुरू करीन त्याले आपली एक चिठ्ठी लावीन, आन पुसाच्या आधी चिठ्ठी पाहीन. चिठ्ठी नसन तं तो डबा दुसऱ्याचा, त्याले हात लावाचा नाई. चार ओळींची तपासनी होती. आठ महिन्याच्या साऱ्या कामात मले त्या चार ओळी जास्त आवडत.

आमच्याकडं पद्धत अशी का, रोजच्या कामाची नोंद होते. कोनती ओळ कोनी लिवली, कधी लिवली, नावानिशी. काम पुरं झालं का लीड त्या साऱ्या बारक्या नोंदी दाबून एकच मोठी नोंद करते. तिच्यावर नाव राह्यते दाबनाऱ्याचं. ज्यानं खरं लिवलं त्याचं नाव खाली सोबती म्हनून टाकाचं असते. बाकीच्यायचं अनिरुद्ध टाके. माहं नाई टाकलं. माह्या आठ महिन्याच्या नोंदी एका दुपारी एक झाल्या आन वर त्याचं नाव बसलं. दाबता दाबता त्याले त्या चार ओळी फालतू वाटल्या. काढून टाकल्या. कोड हलका झाला म्हने.

नावाचं मी विचारलं. एकदाच विचारलं. तो म्हनला, "टीमचं काम आहे. नावाचा एवढा हव्यास बरा नाही."

घरी बाबाले सांगतलं. बाबा उटनूरच्या एका सरकारी दफ्तरात चपराशी होते, आता रिटायर. कागदावर चपराशी, पन अक्षर मोत्यासारखं, म्हनून साऱ्या मिसली, म्हनजे कामाच्या फायली, बाबाच लिवत. दस्तखत साहेबाची. बाबा म्हनले, "दस्तखत त्यायचीच राह्यते बाई. आपन आपलं लिवाचं." नावाचं मंग मी परत नाई विचारलं. माईक बंद केला त्या कॉलनंतर त्या चार ओळींचं मेल करून लिहून द्याले पाह्यजे होतं. ते बी नाई देलं. एकदा तोंड बंद केलं कोनी तं हात बी चालत नाईत, हे मले तवा कळलं.

मंग तो प्लगइन नागपूरच्या एका क्लायंटकडं लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यायच्या लोकायनं साफसफाईचं बटन दाबलं. त्या मशीनवर त्यायचे आपले डबे बी होते, बंद करून ठेवलेले, त्यात पंधरा दिवसाचं काम. सारं पुसलं गेलं. दुसरी प्रत नव्हती.

दुपारी अनिरुद्धचा फोन आला. कॉल नाई, फोन. दोन वर्षांत पहिल्यांदा. आवाज गोड. आई कशी आहे विचारलं. जेवलीस का विचारलं. मंग म्हनला, चार वाजता क्लायंटसोबत मिटिंग आहे, तिथे तू एवढंच सांग की साफसफाईचा भाग तुझा होता आणि तुझ्याकडून राहून गेलं. तो पुढं म्हनला,

"हे बघ, माझ्या नावावर आलं तर मोठं होईल. तुझ्या नावावर आलं तर लोक समजून घेतील. तुमच्याकडून अपेक्षाच तेवढी असते."

वाईट बोलून राह्यला असं त्याले वाटतच नव्हतं. मदत मागून राह्यला होता तो. मी म्हनलं, पाहाते. फोन ठेवला. मले काईच वाटून नव्हतं राह्यलं. पंखा फिरून राह्यला होता, माय खाली बसून तुरीची डाळ निवडून राह्यली होती, मी तिच्या हाताकडं पाहात बसली.

बाबा खाटेवर होते. फोन स्पीकरवर होता, त्यायनं सारं ऐकलं होतं. म्हनले, "हो म्हन. नोकरी राह्यली पाह्यजे."

मी विचारलं, बाबा, तुमी लिवलेल्या मिसलीत कधी चूक निंघाली का? बाबा खाटेवर उठून बसले. मंग सांगतलं. एक डाव जमिनीच्या मोजनीचा आकडा साहेबानं चुकीचा सांगतला, बाबानं तसाच लिवला. वरून चौकशी आली तं साहेब म्हनला, चपराशानं लिवलं. बाबानं मान हालवली. सहा महिने मुअत्तल केलं, घरी बसवलं.

ते सहा महिने मले आठवतात. मी चौथीत होती. बाबा रोज सायकलवर शाळेत सोडून देत. मले सांगतलं होतं, बाबाले कावीळ झाली. आन मी खूश होती का बाबा घरी आहेत. वीस वर्षं मी कावीळच समजून होती.

"दस्तखत कोनाची होती?"

"साहेबाची."

"मंग तुमी काऊन हो म्हनलं?"

बाबा खाली पाहात म्हनले, "त्यानं बोलावून खुर्चीवर बसवलं होतं. पहिल्यांदा."

माय डाळ निवडाची थांबली. तिले बी हे खुर्चीचं माहीत नव्हतं. मले बाबाचा राग आला, लय राग आला, आन लगेच त्या रागाची लाज वाटली. मी बी तं आईची तब्येत विचारली म्हनून फोनवर नरम झाली होती.

चार वाजता कॉल सुरू झाला. नागपूरचे चार जन, आमच्या कंपनीच्या वरच्या बाई, अनिरुद्ध, आन टीमचे नऊ जन. अनिरुद्ध म्हनला, आमच्या ज्युनियरला काही सांगायचं आहे. त्यानं माहा माईक उघडला.

मी स्क्रीन दाखवली. मुख्य कोडातली प्लगइनची नोंद उघडली. वर अनिरुद्धचं नाव, खाली सोबती कोनी नाई. मी म्हनलं,

"या प्लगइनवर माहं नाव कुठीच नाई. एका ओळीवर बी नाई. मंग चूक माही कशी?"

मंग मी माह्या मशीनवरची जुनी प्रत उघडली, आठ महिन्याच्या नोंदी न दाबलेल्या. त्या चार ओळी दाखवल्या, लिवल्याची तारीख दाखवली. अनिरुद्धच्या नोंदीत त्या नाईत, तं काढल्या कोनी ते वरचं नाव वाचून पाहाले सांगतलं. सारं बोलली माह्याच बोलीत. नागपूरच्या चौघायतल्या एका बाईनं विचारलं, हे आधी कोणाला सांगितलं नव्हतं का?

"सांगतलं होतं. माईक बंद केला."

त्या नऊ जनायनं तो कॉल ऐकला होता. नऊच्या नऊ हासले होते. एकानं बी, हो, आमी ऐकलं, असं म्हनलं नाई. चौकटीत तोंडं तशीच.

त्यानंतर काई मोठं झालं नाई. अनिरुद्ध आजबी लीड आहे, टीम फक्त दुसरी. मले कंपनीचं मेल आलं का क्लायंटसमोर माही भाषा उद्धट होती, तं लेखी माफी देऊन टाका. नाई देली. मंग दुसरं मेल आलं, जरा नरम. त्या चार ओळी पाह्यजे आहेत, माही प्रत पाठवा, नव्या लीडच्या नावानं नोंद होईन आन खाली सोबती म्हनून माहं नाव टाकू. बाबाले वाचून दाखवलं. बाबा म्हनले, खाली का होईना, नाव येऊन राह्यलं. त्यायले बरं वाटलं. मले नाई वाटलं.

प्रत मी पाठवली. कंपनीचंच काम आहे, दाबून ठेवाले मी काई चोर नाई. पन साऱ्या नोंदी जशाच्या तशा पाठवल्या, न दाबता. ज्या नोंदीत मी सोता चुकली, माह्याच मशीनवरचं तीन दिवसाचं काम पुसलं, ती बी त्यात ठेवली, माह्या नावानं. सोबत लिवलं, ह्या नोंदी दाबल्या तं मी या प्लगइनवर पुढं एक अक्षर लिवनार नाई, आन काऊन लिवत नाई ते साऱ्या कंपनीले लेखी कळवीन. सात दिवस झाले, उत्तर नाई. नोकरी ठेवतात का काढतात, मले माहीत नाई. माय रोज विचारते, आलं का काई. मी म्हनते, नाई.

आता मी ठरवलं आहे. जिथी लिहीन तिथी नाव लिहीन. माही चूक माह्या नावानं लिहीन, साऱ्यायच्या समोर. दुसऱ्याची एक बी अंगावर घेनार नाई. कोनी खुर्ची देली तरी नाई.